पहिला साचा

“बाळाला आत नेता येणार नाही,” दारातली मुलगी म्हणाली. “आणि हातातलं सगळं काढून ठेवा. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ.”

नलिनीवहिनींनी बाळ एका हातावर तोललं आणि दुसरा हात माझ्यापुढे धरला. काचेच्या बांगड्या निघाल्या. पाटल्या निघेनात.

“लग्नात घातल्यात, तेव्हापासून हलल्या नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “तेव्हा मनगटं बारीक होती माझी. विचारा कुंदाताईंना.”

“मी कशाला खोटं बोलू? तुमची मनगटं तेव्हाही अशीच होती.”

“बघा, ही नणंद!”

मुलगी हसली. तिच्या पांढऱ्या कोटावर निलोफर असं नाव शिवलेलं होतं. “राहू देत पाटल्या. वरून लांब हातमोजे देते. पण बाळाचं काय करायचं?”

पसरणीचा घाट चढून वर आलं की पाचगणीच्या अलीकडे एक लांबलचक शेड होती. त्या वर्षी तिथे चॉकलेटचा कारखाना सुरू झाला होता. पैसे भरून आत जाऊन बघता यायचं आणि आपल्या हातानं वड्या पाडता यायच्या. आता अशा जागा जागोजाग झाल्या आहेत. तेव्हा आम्हा साताऱ्याच्या माणसांना त्याचं अप्रूप होतं.

आम्ही बारशासाठी वड्या पाडायला आलो होतो. पहिला ट्रे आम्ही करायचा, उरलेल्या वड्या कारखाना करून देणार होता. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी वाटतात. लोक झाकण उघडून नुसता रंग बघतात आणि काय झालं ते ओळखतात. वहिनींना ते नको होतं. “चॉकलेट वाटायचं,” त्यांनी ठरवलं होतं. “विचारू देत मला, काय झालं म्हणून. मग मी सांगीन, मुलगी झालीय.” ते ‘झालीय’ त्या तोंड भरून म्हणत.

मुलगी त्यांना झालेली नव्हती. ती माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची. मिलिंद आणि त्याची बायको स्वप्नाली यांना आधीचे दोन मुलगे होते आणि हे तिसरं त्यांनी ठरवलेलं नव्हतं. थोरला दादा आणि वहिनींना मात्र लग्नाला इतकी वर्षं होऊनही मूल नव्हतं. सगळे डॉक्टर आणि सगळे देव करून झाले होते. तिसरं राहिल्याचं कळलं तेव्हा स्वप्नाली रडत वहिनींच्या स्वयंपाकघरात आली. वहिनी कणीक मळत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “नको असेल तर मला दे.” स्वप्नाली तिथल्या तिथे हो म्हणाली. मिलिंदही हो म्हणाला. नंतर कुणी शब्द फिरवला नाही, कुणी कुणावर जोर केला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे.

रविवारी सकाळी दत्तकविधान आणि संध्याकाळी बारसं, असं ठरलं होतं. पंधरवड्यापूर्वी बाळ वहिनींकडे राहायला आलं होतं आणि बाटलीला लागलं होतं. स्वप्नाली दोन गल्ल्या पलीकडे स्वतःच्या घरी छातीला पट्टी बांधून दूध आटायची वाट बघत होती. तिनं त्या दिवसांत वहिनींच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. आज तिला बरोबर आणायचं वहिनींनीच ठरवलं. “बारशाला ती समोर असणारच आहे,” त्या म्हणाल्या. “आपल्यात लपवाछपवी नको. तिच्याही हातच्या होऊ देत चार वड्या.” नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून मी पुण्याहून आले होते. वाटेत गाडीत स्वप्नाली मागच्या सीटवर पलीकडच्या खिडकीशी बसली होती. अख्खा घाट तिनं दरीकडे बघत काढला.

“बाळ कुणाकडे द्यायचं?” निलोफरनं पुन्हा विचारलं.

स्वप्नाली एक पाऊल मागे सरली. दादा पुढे झाला.

“आण इकडं नलू. माझ्याकडं राहते ती शहाण्यासारखी. राहतेस ना गं ठमे?”

“दुपटं सावरा. मान धरा नीट.”

“धरलीय. गेले पंधरा दिवस काय धरतोय मग?”

बाहेरचं दालन आणि कारखाना यांच्यामध्ये छतापर्यंत काच होती. तिच्यापाशी बाक होता. दादा बाळाला घेऊन तिथे बसला. आम्ही तिघी टोप्या, मोजे, ॲप्रन चढवून आत गेलो.

आतला वास गोड असेल असं मला वाटलं होतं. तो भाजल्याचा, जरासा आंबूस होता. एका कोपऱ्यात कोकोच्या गोण्या रचलेल्या होत्या. मधोमध स्टीलचं भांडं आपोआप फिरत होतं आणि त्यात चॉकलेट संथपणे स्वतःवरच घड्या घालत होतं. निलोफरनं आम्हाला टेबलापाशी उभं केलं. टेबलावर साचे मांडून ठेवलेले होते.

“हे आत्ता बरोबर हवं तेवढंच गरम आहे,” ती म्हणाली. “फार वेळ असं राहत नाही. गार झालं की दाटतं आणि पुन्हा तापवलं तर वडीवर पांढरे डाग येतात. म्हणून एकदा हात घातला की थांबायचं नाही. साचा भरायचा, वर काजू-बेदाणे टाकायचे आणि टेबलावर असा आपटायचा. आतली हवा निघून जाते. नाहीतर वडीला भोकं पडतात. कार्यक्रम कसला आहे?”

“बारसं,” वहिनी म्हणाल्या.

“अरे वा! मग पहिला साचा आईनं भरायचा. आमच्या इथली पद्धत आहे ती. आई कोण?”

ती आमच्या तिघींकडे बघत होती. मी टेबलाकडे बघितलं.

“मी,” वहिनी म्हणाल्या.

त्यात खोटं काही नव्हतं. रविवारी वकील तेच वाचून दाखवणार होता. निलोफरची नजर वहिनींच्या टोपीबाहेर आलेल्या पांढऱ्या केसांवर गेली आणि लगेच हटली. तिनं डाव त्यांच्या हातात दिला. वहिनींनी पहिला साचा भरला. थोडं चॉकलेट काठावरून ओघळलं.

“किती महिन्यांची आहे?”

“तिसरा संपेल आता.”

“नॉर्मल का सीझर?”

बायका बायकांना विचारतात तसंच तिनं विचारलं. वहिनींचा डाव हवेतच राहिला.

“सीझर,” स्वप्नाली म्हणाली.

निलोफरनं तिच्याकडे बघितलं, मग वहिनींकडे.

“ही माझी जाऊ,” वहिनी म्हणाल्या. “हिला सगळं माहितीय.”

“हो, हो.” निलोफरनं पुढचे साचे आमच्याकडे सरकवले. “वडीवर पांढऱ्या चॉकलेटनं नाव घालून देते. नाव काय?”

नाव मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. रविवारी पाळण्यात बाळाच्या कानात सांगायचं, मग बाकीच्यांना.

“आता सांगावंच लागेल आत्याबाईंना,” वहिनी म्हणाल्या. “नाहीतर वडीवर काय माझं नाव घालायचं?”

“केतकी,” मी म्हटलं.

वहिनींनी ते ओठातल्या ओठात म्हणून बघितलं, आडनावासकट. मग खुदकन हसल्या. “चांगलंय. फार लांब पण नाही.”

“छान आहे, आक्का,” स्वप्नाली म्हणाली. ती साचा भरत होती. तिचा हात स्थिर होता, एक थेंब बाहेर पडला नाही.

काचेवर टकटक झाली. दादा मोबाइल दाखवत होता आणि बाळाकडे बोट करत होता. घरी रंगारी आलेले होते. बाळाच्या खोलीच्या रंगावरून सकाळपासून फोन चालले होते आणि आत रेंज नव्हती.

“जाते मी,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांचं काही खरं नाही. तुम्ही दोघी भरा.”

त्या बाहेर गेल्या. दादानं बाळ त्यांच्याकडे दिलं आणि तो फोन कानाला लावत रस्त्याकडे गेला. मी काचेकडे तोंड करून उभी होते, स्वप्नाली काचेकडे पाठ करून. आम्ही भरत राहिलो.

बाळ केव्हा रडायला लागलं ते मला ऐकू आलं नाही. काच जाड होती. वहिनी उभ्या राहिल्या, एवढंच आधी दिसलं. मग बाळाचं उघडं तोंड दिसलं. वहिनींनी खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं, पिशवीतून बाटली काढली, मनगटावर थेंब पाडून बघितला. बाळानं मान फिरवली. पुन्हा दिली, पुन्हा फिरवली.

एक कामगार ट्रे घेऊन आत आला. दार उघडलं आणि रडणं आत आलं. दार मिटलं आणि ते तुटलं.

स्वप्नालीचा डाव थांबला. मग पुन्हा चालू झाला.

“बाटली देतायत,” मी म्हटलं.

“पितेय?”

“पिईल.”

तिनं साचा टेबलावर आपटला. पुढचा ओढला. कामगार रिकामा ट्रे घेऊन बाहेर गेला तेव्हा दार पुन्हा उघडलं. या वेळी रडण्याला धाप लागल्यासारखं होत होतं.

“आक्का, तुम्ही तिकडं बघू नका,” स्वप्नाली म्हणाली.

“का?”

“तुम्ही बघितलं की मला कळतं.”

मी मान खाली घातली. काजू टाकायचं माझं काम होतं, ते करत राहिले. तरी कधी तरी वर बघितलं जायचंच. वहिनी येरझाऱ्या घालत होत्या. बाकावरची एक अनोळखी बाई काहीतरी सांगत होती, पोट दाखवत होती, पोटात दुखत असेल म्हणत असावी. वहिनी मान हलवत होत्या आणि रस्त्याकडे बघत होत्या. दादा दिसत नव्हता.

“सकाळी घेतलं होतं का तिनं?” स्वप्नालीनं विचारलं.

“सकाळी चांगलं प्यायली. वहिनी सांगत होत्या.”

“मग आज का करतेय असं?”

मला उत्तर माहीत होतं. तिलाही असणार. पंधरा दिवसांनी ती आणि बाळ एका गाडीतून आली होती, मध्ये फक्त एक पिशवी होती. स्वप्नालीनं त्या बाजूला मान वळवली नव्हती, पण तिच्या अंगाचा वास तिला थोडाच आवरता येणार होता?

ती साचे आपटत होती. एकदा आपटून भागत होतं तिथे तीनदा, चारदा.

“बास, बास, मॅडम,” निलोफर म्हणाली. “हवा गेली त्यातली. काजू उडतील.”

“बरं.”

पण पुढचाही तसाच आपटला. निलोफरनं माझ्याकडे बघितलं. मी उडालेले काजू वेचून परत साच्यात टाकले.

मग मला स्वप्नालीचा ॲप्रन दिसला. फिकट निळ्या कापडावर छातीपाशी दोन गडद ठिपके होते. आधी मला चॉकलेट सांडल्यासारखं वाटलं. ठिपके पसरत होते. स्वप्नालीनंही खाली बघितलं. तिनं कोपरं अंगाशी घट्ट दाबून धरली आणि तशाच अवघडलेल्या हातांनी डाव बुडवला.

“तू जा बाहेर,” मी हळूच म्हटलं. “मी भरते हे.”

“नाही आक्का.”

“अगं, जरा घे नुसतं. गप्प होईल.”

“घेऊन काय करू? शब्द दिलाय मी.” तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, आवाज मात्र साधा होता. “मी मोजतेय. अजून चार साचे. तेवढे होईस्तोवर राहील ती गप्प. राहील ना?”

मी राहील म्हटलं. तिला ओढून बाहेर नेलं असतं तर वहिनींचं बाळ गेलं असतं. तिथेच धरून ठेवलं असतं तर तिचं. मी मूठभर काजू घेऊन उभी होते.

दार उघडलं आणि रडणं थेट टेबलापर्यंत आलं. वहिनी आत आल्या होत्या. पायात बाहेरच्या चपला, डोक्यावर टोपी नाही.

“मॅडम, असं नाही चालत,” निलोफर पुढे झाली. “बाळाला आत—”

“एक मिनिट थांब, बाई.”

त्या टेबलाला वळसा घालून आल्या. स्वप्नालीला पाठीमागून त्यांना काहीतरी सांगायचं असावं, बाटलीबद्दल किंवा गाडीच्या किल्लीबद्दल. त्यांनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात स्वप्नाली वळली आणि त्यांना ॲप्रन दिसला.

बाळ रडतच होतं. वहिनी त्या ओल्या कापडाकडे बघत राहिल्या.

“पट्टी बांधली होतीस ना?” त्यांनी विचारलं.

“बांधलीय.”

“आणि हे?”

“ताई, मी काही केलं नाही.” मार चुकवणाऱ्या पोरीसारखी स्वप्नाली बोलत होती. “शपथ घेते. मी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. आक्कांना विचारा.”

“मला माहितीय.”

वहिनींनी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. बाळाचं डोकं स्वप्नालीच्या बाजूला आलं आणि ते तिकडे झेपावलं. इतक्या लहान बाळाला झेपावता येत नाही. मानच कलंडली असेल. पण आम्ही तिघींनी ते बघितलं.

“हात धू,” वहिनी म्हणाल्या.

“नको ताई.”

“हात धू म्हणते ना.”

“ताई, आत्ता घेतली तर मला परत देता यायची नाही.” स्वप्नालीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. “खरंच सांगते. तुम्ही तिला बाहेर न्या. गाडीतून लांब कुठंतरी न्या. मी येते मागून एसटीनं.”

वहिनींनी बाळाभोवतीचं दुपटं आवळलं. मला वाटलं, त्या जातील. त्या दाराकडे वळल्याही. काचेपलीकडची अनोळखी बाई आमच्याकडेच बघत होती. वहिनी तिथे थांबल्या, बाळाच्या टाळूवर त्यांनी ओठ टेकले आणि परत फिरल्या.

“निलोफर, हिला हात धुवायला बेसिन कुठाय?”

निलोफरनं नियमाचं पुन्हा काढलं नाही. तिनं स्वप्नालीचे मोजे स्वतः ओढून काढले, नळ सोडला आणि कोकोच्या गोण्यांमागे एक स्टूल नेऊन ठेवलं. वहिनींनी बाळ दिलं तेव्हा स्वप्नालीचे हात ओलेच होते. ती भिंतीकडे तोंड करून बसली. रडणं एका उसाशावर थांबलं.

कारखान्यात एवढा आवाज असतो हे तेव्हा मला ऐकू आलं. भांडं फिरत होतं, कुठेतरी पंखा घरघरत होता.

वहिनींनी स्वप्नालीचे मोजे उचलले. आतून दमट होते ते, बोटं शिरेनात. निलोफर नवे आणायला निघाली तर म्हणाल्या, “राहू दे. चॉकलेट घट्ट व्हायला लागलंय.” मोज्यांशिवायच, हातातल्या पाटल्यांसकट, त्यांनी उरलेले साचे भरले. कुणी त्यांना अडवलं नाही. मी काजू टाकले. शेवटचा साचा आपटून झाल्यावर त्यांनी काठावरचं ओघळलेलं बोटानं पुसून घेतलं.

“नाव तेच राहू दे,” त्या निलोफरला म्हणाल्या. “आत्यानं ठेवलेलं आहे.”

“वहिनी,” मी म्हटलं.

“तुम्ही काही बोलू नका, कुंदाताई. ह्यांना मी सांगीन.”

“आपण घरी जाऊन शांतपणे—”

“शांतपणे काय?” त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. “तुम्हीच सांगा. शांतपणे काय करायचंय?”

मी मोजे काढायला लागले.

वड्या गार होईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. बाळ स्वप्नालीच्या मांडीवर झोपलं होतं. दोघी जावा शेजारी शेजारी होत्या. दादा परत आला तो हसतच.

“रंग ठरला एकदाचा. पिस्ता. तो गुलाबीच म्हणत होता, मुलीची खोली म्हणून. मी म्हटलं, बाबा, ती मोठी झाली की मलाच बोलेल. झाल्या का वड्या? एक फुटकी-बिटकी असेल तर द्या इकडं.”

वहिनींनी त्याला एक अख्खी वडी दिली. त्यानं नाव वाचलं.

“केतकी! अरे, मला कुणी सांगितलंच नाही.” त्यानं नाव सोडून कडेचा तुकडा मोडला. “नाव नाही खाणार मी. हे घरी ठेवायचं.”

निघताना वहिनी पुढच्या सीटवर बसल्या.

“तू पुढं कशी? बाळाजवळ बस की.”

“डोकं दुखतंय. पुढं बरं वाटेल.”

मी मागे स्वप्नालीशेजारी बसले. तिनं बाळावरून पदर घेतला होता. घाट सुरू झाला. दादा बोलत होता. पाळणा सुताराकडून उद्या येणार होता. त्याला घुंगरं लावायची की नकोत, यावर सुताराचं आणि त्याचं वाजलं होतं. पाळणाघराची गरज नाही, तो स्वतःच दुकान दुपारी बंद ठेवणार होता. शाळा कोणती, हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. वहिनी समोर बघत होत्या. दर वळणाला मला वाटत होतं, आता सांगतील. कदाचित त्यांनाही दर वळणाला तसंच वाटत असेल. मी तर त्याच्या बरोबर पाठीमागे होते. त्याचे कान दिसत होते, मानेवरचे नुकतेच कापलेले केस दिसत होते.

घाट अर्धा उतरल्यावर त्यानं आरशात बघितलं.

“अजून झोपलीय? स्वप्नाली, तुझा हात अवघडला असेल गं. दे तिला तिच्या आईकडं.”

स्वप्नाली हलली नाही. मीही नाही.

“आईकडंच आहे ती,” वहिनी म्हणाल्या.

गाडी आणखी दोन वळणं गेली. मग रस्ता जिथे जरा रुंद होता तिथे दादानं ती कडेला घेतली.

“टायर बघतो,” तो म्हणाला.

तो उतरला. पुढचा टायर त्यानं लाथेनं दाबून बघितला. मग मागचा. मग पलीकडचा. चौथ्यापाशी तो उकिडवा बसला आणि उठला नाही. वहिनी खाली उतरल्या आणि त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्या बोलत असाव्यात. काचा वर होत्या, शिवाय घाट चढणाऱ्या ट्रकांचा आवाज होता, आम्हाला काही ऐकू आलं नाही. एकदा फक्त दादानं हात हवेत उडवलेला दिसला आणि मग तोच हात त्यानं रबरावर सपाट ठेवला.

“आक्का, मी उतरू का?” स्वप्नालीनं विचारलं. “पाया पडू का त्यांच्या?”

“नको. जागी होईल ती.”

बऱ्याच वेळानं तो उठला. आमच्या बाजूचं दार त्यानं उघडलं आणि वाकून आत बघितलं. स्वप्नालीनं पदर बाजूला केला. बाळाच्या ओठावर दूध वाळलेलं होतं.

“प्यायली?” त्यानं विचारलं.

“हो, दादा.”

“पोटभर?”

“हो.”

“मग झालं.”

त्यानं दार हळूच, दोन्ही हातांनी दाबून, आवाज न करता लावलं. उरलेला घाट तो इतक्या सावकाश उतरला, की मागच्या गाड्या हॉर्न देत पुढे जात राहिल्या आणि वहिनी खिडकीतून हात काढून त्यांना वाजवू नका, वाजवू नका, असं खुणावत राहिल्या.